ज्याचा फोटो, त्याने गप्प बसायचे

आम्ही चौघे गेली काही वर्षे महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापले फोटो एकमेकांना दाखवत आलो आहोत. काका आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. त्यांची उमेदीची वर्षे डार्करूममध्ये प्रिंट काढण्यात गेली आणि डिजिटल कॅमेरा त्यांनी साठी उलटल्यावर हाती घेतला. ताई शाळेत भूगोल शिकवतात, डॉक्टर दवाखान्यातून सवड मिळेल तसे फोटो काढतात, आणि उरलेला मी, म्हणजे ज्याच्याकडे उपकरणे सर्वांत जास्त आणि दाखवण्याजोगे फोटो सर्वांत कमी असा माणूस. छायाचित्रणाचा जन्म ज्या गावांत झाला ती पाहून यायची, असे बरेच दिवस चालले होते. अखेर या जुलैमध्ये फ्रान्समधल्या पाच दिवसांचा बेत जमला.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरल्या. रोज रात्री प्रत्येकाने त्या दिवसाचे फक्त पाच फोटो दाखवायचे, आणि त्याखेरीज रोज एकाने घरून आणलेले, गेल्या वर्षभरातल्या रोजच्या जगण्याचे दहा फोटो दाखवायचे. तिसरा नियम ताईंनी विमानात घातला : फोटो पडद्यावर असेपर्यंत ज्याचा फोटो असेल त्याने गप्प बसायचे. ‘मला तिथे थांबायला वेळच मिळाला नाही’, ‘प्रत्यक्षात रंग फार सुंदर होते’ यांतले काही बोलायचे नाही. हा नियम माझ्याकडे पाहून घातला गेला होता, हे मला त्याच वेळी कळले.

पहिला दिवस : पॅरिस

सकाळी आम्ही थेट प्लास द ला रेप्युब्लिक या चौकात गेलो. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर याचे ‘डायोरामा’ नावाचे प्रेक्षागृह या भागात होते आणि तिथल्याच एका खिडकीतून त्याने १८३८ मध्ये बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतले. रस्ता वर्दळीचा होता, पण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेण्याचा वेळ, काही मिनिटांचे असल्यामुळे चालती माणसे आणि घोडागाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचेच नाव घेतात. नाव घेतात असे म्हणायचे खरे, पण त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

त्याच्याकडे लोकांचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या लोकांत तारयंत्राचा जनक सॅम्युअल मोर्स होता. ७ मार्च १८३९ रोजी तो दागेरकडे गेला, चित्रांचे ते धातूचे पत्रे भिंगातून पाहिले आणि घरी पाठवलेल्या पत्रात रिकाम्या रस्त्यावरच्या त्या एका माणसाचे वर्णन केले. दुसऱ्या दिवशी दागेर मोर्सचे तारयंत्र पाहायला त्याच्याकडे गेला आणि तो तिथे असतानाच इकडे त्याचे डायोरामा जळून खाक झाले. दोन माणसे आपापले काम एकमेकांना दाखवत आहेत आणि त्यातल्या एकाचे घरदार त्याच वेळी पेटले आहे, ही हकीकत मी चौकात उभा राहून तिघांना सांगितली. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे दाखवायला जाताना गॅस बंद करून जावे.”

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सगळा भाग पाडून नव्याने बांधला गेल्यामुळे दागेरच्या खिडकीतून दिसणारा रस्ता आता तसा सापडत नाही. तरीही मी हट्टाने तिपाई लावली. आकाश ढगाळ होते. उजेड अडवणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, एफ १६ एवढे बारीक छिद्र आणि आयएसओ ५० एवढी कमी संवेदनशीलता असे धरून एक्स्पोजर दोन मिनिटांच्या थोडे पुढे गेले. चौक माणसांनी फुललेला होता आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मात्र तो ओस पडलेला दिसला. मला फार आनंद झाला.

रात्री हा फोटो पडद्यावर आला तेव्हा मी नियम मोडून “दोन मिनिटांचे एक्स्पोजर आहे” असे सांगून टाकले. ताईंनी नुसती मान वर केली. पुढचा मिनिटभर कोणी बोलले नाही आणि मग काकांनी उठून पडद्याच्या उजव्या कडेजवळ बोट ठेवले. तिथे बाकावर बुटांचा एक जोड स्पष्ट, नाडीच्या गाठीसह उमटला होता, त्याच्या वर पोटऱ्या थोड्या विरलेल्या, आणि गुडघ्यांच्या वर नुसता राखाडी धूर. कोणीतरी बसल्या जागी पाय न हलवता इकडेतिकडे पाहत होते. चौकात मी अर्धा तास होतो, फोटो दहादा मोठा करून पाहिला होता, आणि ते बूट मला दिसलेले नव्हते.

घरून आणलेल्या फोटोंची पहिली पाळी काकांची होती. त्यांनी आणलेले दहाही फोटो एकाच खिडकीचे होते. गेल्या सप्टेंबरपासून जूनपर्यंत दर महिन्याच्या २१ तारखेला, दुपारी बारा वाजता, कॅमेरा घरातल्या त्याच जागी ठेवून काढलेले : खिडकीची चौकट, तिच्या खालची लाकडी फळी, पुढची फरशी आणि फरशीवर पडलेले ऊन. बाहेरचा उजेड जास्त असल्यामुळे खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता. आम्ही प्रवासाने दमलो होतो. दहा फोटो दीड-दोन मिनिटांत संपले, “छान, शांत आहेत” असे काहीतरी कोणीतरी म्हणाले, आणि काकांनी लॅपटॉप मिटला.

दुसरा दिवस : बूलोन्य-बियांकूर

पॅरिसला लागूनच असलेल्या या उपनगरातले अल्बेर कान यांचे संग्रहालय हे ताईंचे मागणे होते, आणि पाच दिवसांतला सर्वांत भरलेला दिवस तोच ठरला. कान हे श्रीमंत बँकर होते. १९०९ ते १९३१ या काळात त्यांनी स्वतःच्या खर्चाने छायाचित्रकार जगभर पाठवले आणि वेगाने पालटत चाललेल्या जगाची नोंद ठेवायची म्हणून सुमारे ७२,००० रंगीत फोटोंच्या काचा जमवल्या. ‘पृथ्वीचे दप्तर’ असे या संग्रहाच्या नावाचे मराठी करता येईल. कामाची दिशा ठरवायला त्यांनी जाँ ब्र्यून या भूगोलतज्ज्ञाला नेमले होते, हे कळल्यावर ताईंची मान अभिमानाने ताठ झाली ती संध्याकाळपर्यंत तशीच होती.

काचा ऑटोक्रोम या जुन्या रंगीत पद्धतीच्या आहेत. नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवलेले बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीने भरायच्या आणि त्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर चढवायचा, अशी ती रीत होती. रंगीत कणांच्या चाळणीतून उजेड आत जाई आणि पाहताना त्याच चाळणीतून परत बाहेर येई. काच उजेडापुढे धरल्यावरच रंग दिसतो. एरवी ती काळपट तुकड्यासारखी पडून असते. भिंगाखाली मोठ्या केलेल्या एका भागात ते कण सुटे सुटे दिसत होते आणि काका त्याच्यापुढून हलायला तयार नव्हते. “हा दाणा फिल्मचा नाही,” ते म्हणाले, “हा खरोखरीचा दाणा आहे.”

या काचा मंद होत्या, भर उन्हातही एक्स्पोजर सेकंदाच्या आसपास जाई, त्यामुळे समोरच्या माणसाला थांबायला सांगावे लागे. कान यांचा छायाचित्रकार स्तेफान पासे १९१३-१४ च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याआधी तो चीन आणि मंगोलियात होता. १९१३ मध्ये मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों या दोघी बायका आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गावांत काचांची ओझी घेऊन हिंडल्या. या संग्रहात बाजार आहेत, दरवाजे आहेत, अंगणे आहेत, आणि सगळ्यांत माणसे अशी उभी आहेत की त्यांना उभे राहायला सांगितले आहे हे लपत नाही. आज आपण नकळत टिपलेल्या फोटोला सच्चा म्हणतो आणि उभे करून काढलेल्याला कृत्रिम. या संग्रहासमोर मला ते तितकेसे पटेनासे झाले. सेकंदभर श्वास रोखून कॅमेऱ्याकडे पाहणारा माणूस आपला चेहरा स्वतः होऊन देत असतो. आमच्या पिशव्यांत मात्र अनोळखी लोकांचे परस्पर उचललेले शेकडो चेहरे होते.

कान हे फोटो आपल्या घरी बोलावलेल्या निवडक पाहुण्यांना अंधाऱ्या दालनात पडद्यावर दाखवत. १९२९ च्या मंदीनंतर त्यांचे दिवाळे वाजले, पण काचा राहिल्या. प्रत्येक काच म्हणजे थेट पॉझिटिव्ह, निगेटिव्ह नाहीच, त्यामुळे ती एकुलती एक. हे वाक्य मी वहीत टिपून घेतले तेव्हा दुसऱ्या दिवशी आपल्यावर काय ओढवणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

रात्री डॉक्टरांची पाळी. त्यांनी दवाखान्यातल्या बाहेरच्या बाकाचे फोटो आणले होते. रुग्णांचे फोटो ते काढत नाहीत. रुग्ण उठून आत गेल्यावर बाकावर जे मागे राहते त्याचे काढतात. ओली छत्री, क्ष-किरण फोटोचा दुमडलेला लिफाफा, लहान मुलाची एकच चप्पल. चपलेच्या फोटोवर आम्ही बराच वेळ थांबलो. तिचा पट्टा सेफ्टी पिनने जोडलेला होता आणि पिन आतून टोचू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलेला होता. डॉक्टर नियम पाळून गप्प होते, पण त्यांनाही तो तुकडा तेव्हाच दिसला, हे त्यांनी नंतर कबूल केले.

तिसरा दिवस : शालों-स्युर-सोन

दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत मी कॅमेऱ्यातले कार्ड फॉरमॅट केले. आदल्या रात्री त्यातले फोटो लॅपटॉपवर उतरवले आहेत, अशी माझी पक्की समजूत होती. उतरवले होते ते पहिल्या दिवसाचे. दुसऱ्या दिवसाचे एकशे ऐंशी फोटो गेले. त्यातही शहाणपण असे की चूक लक्षात येण्यापूर्वी मी खिडकीतून पळत्या शेतांचे साठेक फोटो त्याच कार्डावर काढून मोकळा झालो होतो. फॉरमॅट केल्याने फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात, पण त्यांच्यावर नवे लिहिले गेले की ते गेलेच. डॉक्टरांनी कार्ड काढून घेतले आणि त्यांच्या लॅपटॉपवर फोटो परत मिळवण्याचा प्रोग्राम चालवला. बरेचसे सुखरूप निघाले. काहींचा वरचा अर्धा भाग शाबूत आणि खाली सपाट राखाडी पट्टा असे निघाले, आणि पन्नासेक फोटो निघालेच नाहीत. न निघालेल्यांत आदल्या रात्री दाखवलेले पाचही होते. ते वाचले ते केवळ ताईंनी “मला पाठवून ठेवा” म्हटले होते म्हणून. त्यांच्या फोनवर छोट्या आकारात का होईना, पाचही होते.

शालों हे निसेफोर न्येप्स याचे जन्मगाव. तो १७६५ मध्ये इथे जन्मला आणि कॅमेऱ्यातून टिकाऊ चित्र मिळवणारा पहिला माणूस तोच. सोन नदीच्या काठावर त्याच्या नावाचे संग्रहालय आहे आणि जवळच्या चौकात त्याचा पुतळा. संग्रहालयातल्या त्याच्या लाकडी पेट्या पाहताना वाटते, हे कॅमेरे सुताराने केले आहेत, आणि ते तसेच दिसतात. मला अधिक गंमत वाटली ती त्याच्या आणि दागेरच्या पत्रव्यवहाराची. १८२९ च्या डिसेंबरमध्ये दोघांनी भागीदारीचा करार केला. पत्र कोणाच्या हाती पडले तरी गुपित फुटू नये म्हणून रसायने आणि उपकरणे यांच्या नावांऐवजी ते ठरावीक आकडे लिहीत. १८३३ मध्ये न्येप्स वारला. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ही विद्या सगळ्यांसाठी खुली झाली, ती दागेरच्या नावाने.

रात्री ताईंचे फोटो पाहिले. वर्ग सुटल्यानंतरचे फळे, अर्धवट पुसलेले, आणि एकावर नद्यांच्या नावांतून फिरलेला डस्टरचा हात. चांगले होते, पण माझे चित्त कार्डातच होते, म्हणून त्यांच्याबद्दल मी अधिक लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चौथा दिवस : सें-लू-द-वारेन

शालोंच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर हे लहानसे गाव आहे. रस्त्याच्या कडेला एक दगडी स्मारक असून १८२२ मध्ये न्येप्सने या गावात छायाचित्रणाचा शोध लावला, असे त्यावर लिहिले आहे. गावातले ‘ल ग्रा’ हे त्याचे घर. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून त्याने १८२७ च्या सुमारास कॅमेरा बाहेर रोखला आणि आज हाती असलेला सर्वांत जुना कॅमेऱ्यातला फोटो मिळवला.

कृती ऐकायला सोपी आहे. जस्ती रंगाच्या प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एका जातीच्या नैसर्गिक डांबराचा पातळ थर द्यायचा. उजेड जिथे पडेल तिथे डांबर कठीण होते. बाकीचे मऊ राहते आणि लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघते. अडचण वेळेची. अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाच चित्रात ऊन दिसते, म्हणजे सूर्य इकडून तिकडे जाईपर्यंत कॅमेरा उघडा होता, त्यावरून आठ तासांचा अंदाज बांधला गेला. पुढे हीच कृती पुन्हा करून पाहणाऱ्या संशोधकांचे म्हणणे असे की एक्स्पोजर कित्येक दिवसांचे असावे.

मूळ पत्रा इथे नाही. न्येप्स तो घेऊन १८२७ मध्ये इंग्लंडला आजारी भावाकडे गेला आणि तिथल्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे आपले काम मांडायचा त्याने प्रयत्न केला. पण कृती उघड करायला तो तयार नव्हता आणि गुप्त कृतीचे काम सोसायटी स्वीकारत नव्हती. फ्रान्सिस बाउअर या वनस्पतींच्या चित्रकाराकडे पत्रा ठेवून तो परतला. हातोहात फिरता फिरता पत्रा विस्मृतीत गेला आणि १९५२ मध्ये हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकाराने तो पुन्हा शोधून काढला. आता तो अमेरिकेत, ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात आहे. पत्र्यावरचे चित्र इतके पुसट आहे की विशिष्ट कोनातूनच ते डोळ्यांना दिसते. पुस्तकांतून आपण जे पाहत आलो, ते कोडॅकच्या प्रयोगशाळेत काढलेल्या प्रतीवर गर्नशाइमने जलरंगांनी हात फिरवून तयार केलेले चित्र. हे सांगितल्यावर काकांनी एवढेच विचारले, “मग त्यात न्येप्सचे किती आणि त्याचे किती?”

त्या खोलीत आम्ही चौघे पाळीपाळीने खिडकीशी उभे राहिलो. बाहेर दिसणारे बरेच काही बदललेले आहे. चित्रातले कबुतरखान्याचे मनोरेवजा टोक नाही, तिरक्या छपराची कोठी नाही. मी खिडकीचे चाळीसएक फोटो काढले. डॉक्टरांनी दाराच्या कडीचा एक काढला. काकांनी कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही. हात मागे बांधून ते फरशीकडे पाहत उभे होते आणि उन्हाचा तुकडा बुटाच्या टोकापर्यंत आल्यावर मागे सरकले. बसची वेळ होईपर्यंत ते तीनदा मागे सरकले असतील.

रात्री माझी पाळी होती. घरून आणलेले माझे दहा फोटो नीट जुळवून काढलेले होते : खुर्चीच्या सावल्या, काचेच्या बरणीतून वाकलेला प्रकाश, घडी घातलेल्या चादरींच्या समांतर रेषा. सगळे पाहून झाल्यावर डॉक्टरांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “तुमच्या घरात कोणी राहत नाही का?” मी उत्तर देणार होतो, पण दहावा फोटो अजून पडद्यावर होता.

पाचवा दिवस : ल्यों

ल्योंबद्दल थोडक्यात लिहितो. ल्युमिएर बंधूंच्या कुटुंबाचा कारखाना मोंप्लेझीर या भागात होता. १९०७ मध्ये ऑटोक्रोमच्या काचा बाजारात आल्या त्या याच बंधूंच्या, आणि १८९५ मध्ये सुटीच्या वेळी बाहेर पडणाऱ्या कामगारांचे हलते चित्र घेतले गेले तेही याच कारखान्याच्या दारात. त्या रस्त्याला आता ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असे नाव आहे. कारखान्याची शेड राखून ठेवली आहे आणि शेजारी त्यांचा थोरला, नक्षीदार वाडा आहे. पाऊस होता आणि आम्ही दमलो होतो. दिवसाचे पाच फोटो निवडताना मला प्रथमच पाचसुद्धा सापडेनात. मी तीनच दाखवले आणि कोणी तक्रार केली नाही.

रात्री घरच्या फोटोंची कोणाचीच पाळी उरली नव्हती. तेव्हा ताई काकांना म्हणाल्या, “तुमची खिडकी पुन्हा लावा. आणि सावकाश.”

या वेळी दहा फोटोंना पाऊण तास लागला. डिसेंबरपर्यंत ऊन फरशीवर आत आत येत होते आणि जानेवारीपासून मागे हटत होते. “ऋतुमान,” डॉक्टर म्हणाले. ताईंनी मान हलवली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून फोटोंच्या जोड्या लावल्या. खिडकी दक्षिणेची आहे, तर २१ नोव्हेंबर आणि २१ जानेवारी यांचे ऊन जवळजवळ सारख्याच खोलीपर्यंत यायला हवे, किंचित बाजूला सरकलेले असले तरी. तसे ते येत होते. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी यांची जोडी जुळायला हवी. फेब्रुवारीचा पट्टा एका बाजूने कापल्यासारखा होता. सप्टेंबर आणि मार्च म्हणजे विषुवदिनांची जोडी, तीही तशीच जुळायला हवी. सप्टेंबरमध्ये फळीच्या पुढे वीतभर ऊन होते. मार्चमध्ये फरशी कोरडी राखाडी होती.

“ढग असेल त्या दिवशी,” मी म्हणालो.

ताईंनी उत्तर न देता मार्चच्या फोटोतला खिडकीचा पांढरा चौकोन मोठा केला. तो पूर्ण पांढरा नव्हता. खालच्या कडेपासून वर एक फिकट राखाडी पट्टा चढलेला होता, त्याची वरची कड सरळ रेघेत कापलेली, आणि त्या रेघेवर केसाएवढ्या बारीक उभ्या काड्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून त्या मोजल्या. जानेवारीच्या फोटोत तोच पट्टा खालच्या गजाच्या आत होता, एप्रिलमध्ये मधल्या गजापर्यंत आणि जूनमध्ये वरच्या चौकटीला टेकला होता. पहिल्या रात्री आम्ही सगळे फरशीवरचे ऊन पाहत होतो.

“किती मजले होणार आहेत?” डॉक्टरांनी विचारले.

जूनचा फोटो अजून पडद्यावर होता. काकांनी ताईंकडे पाहिले, ताईंनी बोलायला हरकत नाही अशी खूण केली, आणि काका म्हणाले, “अकरा. आता सातवा चालू आहे. या २१ तारखेचा राहिला. घरी पोचू तेव्हा काढतो, दोन दिवस उशिराने.”